फळझाडे आणि फुलझाडे एकाच आवारात: उपोष्ण हवामानातील सेंद्रिय परसबागेची उभारणी

नव्याने बाग लावणारी व्यक्ती बहुधा रोपे आधी आणते आणि त्यांना जागा नंतर शोधते. उपोष्ण हवामानात हा मोह जास्तच होतो, कारण कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या पलीकडे साधारण ३५ अंश अक्षांशापर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात केळी, पेरू, अंजीर, डाळिंब, लिची, लोकाट आणि लिंबूवर्गातील बहुतेक झाडे एकाच कुंपणाच्या आत वाढू शकतात. संत्र्याला तर हे हवामान विशेष मानवते. त्याच्या सालीतील हिरवेपणा जाऊन केशरी रंग चढायला रात्री थंड व्हाव्या लागतात, आणि म्हणूनच बारमाही उष्ण प्रदेशात आतून पूर्ण पिकलेले संत्रेही बाहेरून हिरवेच दिसते. मात्र याच थंडीत वर्षातील चार-दोन रात्री पारा शून्याला टेकतो आणि त्या रात्री केळीची पाने पोळून काळी पडतात. सरासरी तापमान पाहून झाडे निवडणारा माणूस या चार-दोन रात्रींमुळे फसतो.

या लेखातील कामांचा क्रम एका हिशेबावर बेतला आहे. फळझाड चुकीच्या जागी लागले आहे हे कळायला पाच-सहा वर्षे लागतात, आणि तोवर ते मुळांसकट उचलून दुसरीकडे नेण्याच्या पलीकडे गेलेले असते. फुलझाडाची चूक एका हंगामात दिसते आणि पुढच्या हंगामात निस्तरता येते. त्यामुळे फळझाडांच्या बाबतीत सावकाश चालावे आणि फुलझाडांच्या बाबतीत मोकळ्या हाताने प्रयोग करावेत. आराखडा मात्र दोन्हींचा एकत्रच करावा, कारण किडी फळझाड आणि शोभेचे झाड असा भेद करत नाहीत.

जागेची ओळख

जागेचा नकाशा एका मोठ्या कागदावर काढावा आणि त्यावर घर, भिंती, नळाच्या व सांडपाण्याच्या वाहिन्या आणि आधीपासून असलेली झाडे दाखवावीत. त्यानंतर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावली कोठवर येते ते खुणेने नोंदवावे. ही नोंद भर उन्हाळ्यात एकदा आणि भर हिवाळ्यात एकदा अशी दोनदा करणे आवश्यक आहे, कारण हिवाळ्यात सूर्य क्षितिजाकडे कललेला असतो आणि उन्हाळ्यात लख्ख उन्हात असलेला कोपरा तेव्हा दिवसभर सावलीत जाऊ शकतो. फळझाडाला रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. त्याहून कमी उन्हात झाड मरत नाही, पण पाने भरपूर आणि फळे मोजकी अशी त्याची अवस्था होते.

थंड हवा जड असते आणि ती पाण्यासारखी उताराकडे वाहत जाऊन खोलगट भागात साचते. उताराच्या तळाशी सलग भिंत असेल तर ती भिंत बंधाऱ्याचे काम करते आणि तिच्यामागे रात्रभर गारठ्याचे तळे होते. असा कोपरा थंडीला हळव्या झाडांसाठी वर्ज्य समजावा. याउलट उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेली आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेली भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते, म्हणून पपई, केळी किंवा कागदी लिंबू यांना त्या भिंतीजवळची जागा राखून ठेवावी. भिंतीपासून केळी आणि पपई सव्वा ते दीड मीटर, तर मोठी होणारी झाडे तीन ते चार मीटर दूर असावीत.

पाण्याचा निचरा ही जागेविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती आहे आणि ती मिळवायला एक कुदळ आणि एक पट्टी एवढेच साहित्य लागते. ३० सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणावा, तो पाण्याने भरून पूर्ण जिरू द्यावा, मग पुन्हा भरून पट्टीने पातळी मोजावी. तासाला दोन ते पाच सेंटिमीटर पाणी उतरत असेल तर जमीन बहुतेक फळझाडांना चालते. त्याहून सावकाश उतरत असेल, तर खत घालून हा दोष जाईल अशी आशा धरू नये आणि झाडे उंचवट्यावर लावावीत. मी स्वतः कंटाळा करून ही चाचणी टाळली होती आणि त्याची किंमत अव्होकाडोच्या दोन रोपांनी चुकवली. त्यांची पाने माना टाकत होती, म्हणून मी त्यांना तहानलेली समजून आणखी पाणी देत गेलो. शेवटी एक रोप उकरून पाहिले तेव्हा बारीक मुळे काळी पडलेली होती, चिमटीत धरून ओढले की त्यांची साल मोज्यासारखी सुटून येत होती आणि आत दोऱ्याएवढा गाभा उरत होता. ही मूळकूज फायटोफ्थोरा नावाच्या, बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे होते, साचलेल्या पाण्यात ती फोफावते आणि एकदा झाड पकडले की घरच्या बागेत तिला जवळजवळ इलाज नसतो.

मातीचा पोत पाहायचा असेल तर काचेच्या उंच बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून ती जोराने हलवावी व स्थिर ठेवावी. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत बसतो, आणि चिकणमातीला दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. थरांची जाडी पाहून प्रमाण कळते. मातीचा सामूही, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप (पीएच), तपासून घ्यावा. लिंबूवर्गाला साधारण ५.५ ते ७ या दरम्यानचा सामू मानवतो. तो ७.५ च्या वर गेला की जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, आणि नवी पाने पिवळी व शिरा मात्र हिरव्या असे जाळीदार चित्र दिसू लागते. अशा जमिनीत चुलीतली राख घालणे टाळावे, कारण राख अल्कधर्मी असते आणि आजार वाढवते.

मातीला एक हंगाम आधी द्यावा

शक्य असल्यास पहिल्या हंगामात एकही फळझाड लावू नये. या सल्ल्याने नवखे लोक हिरमुसतात, हे मला माहीत आहे. पण या काळात जमिनीत जे काम होते ते झाडे लागल्यावर तितक्या मोकळेपणाने करता येत नाही. ताग, धैंचा किंवा चवळी यांपैकी एखादे द्विदल पीक दाट पेरावे, आणि ते फुलोऱ्यावर येताच, म्हणजे साधारण सहा ते सात आठवड्यांनी, कापून तिथेच पसरावे किंवा वरच्या थरात हलके मिसळावे. कापण्यापूर्वी एक रोप मुळासकट काढून त्याच्या मुळांवरील गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर गाठीतील जिवाणू हवेतील नत्र बांधत आहेत असे समजावे. गाठ आतून पांढरट किंवा हिरवट असेल, तर त्या जमिनीत योग्य जिवाणू नाहीत किंवा त्यांचे काम थांबले आहे, आणि पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम, म्हणजे याच नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचे खत, चोळून पेरणे श्रेयस्कर ठरते.

याच काळात कंपोस्टचा ढीग सुरू करावा. ढीग लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी किमान एक मीटर असावा, कारण त्याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. वाळलेला पाला, काड्या आणि पुठ्ठा यांचे आकारमान स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि ताजे गवत यांच्या दुप्पट ते तिप्पट ठेवावे. ढीग नीट तापू लागला की आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि त्या उष्णतेत तणांचे बी व बरेचसे रोगजंतू मरतात. लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढावी. ती हाताला चटका देत असेल तर ढीग चालू आहे. सळई कोमट लागली आणि ढिगाला आंबूस वास येत असेल, तर त्यात हवा कमी आणि ओल जास्त झाली आहे, तेव्हा तो वाळका पाला मिसळून उलथावा.

झाडांची निवड आणि अंतर

लहान आवारात पहिल्या खेपेस चार किंवा पाच फळझाडे पुरेत. झाडे निवडताना थंडी सोसण्याची ताकद हा पहिला निकष मानावा. लिंबूवर्गातच यात मोठा फरक आहे: कागदी लिंबू सर्वांत हळवे, त्यानंतर मोठे लिंबू, मग मोसंबी, त्याहून काटक संत्रे, आणि सर्वांत चिवट कुमक्वाट. अंजीर आणि डाळिंब हिवाळ्यात पाने गाळून झोपी जातात, त्यामुळे हलके धुके किंवा दहिवर, म्हणजे गोठलेले दंव, त्यांचे काही बिघडवत नाही. लोकाटाचे झाड थंडी चांगली सोसते, पण ते फुलते शरद ऋतूत आणि फळ धरते हिवाळ्यात, त्यामुळे पारा उणे ३ अंशांच्या आसपास गेला तर झाड शाबूत आणि वर्षाचे फळ मात्र गेलेले, असे घडते. लिचीला फुलोरा येण्यासाठी थोडा कोरडा गारवा लागतो, पण कोवळेपणी दहिवर तिला सोसत नाही. नवख्याने मला एकच झाड विचारले तर मी पेरू सांगतो. तो चुका पोटात घालतो आणि थंडीने शेंडे जळाले तरी बुडातून पुन्हा फुटतो.

अंतर ठरवताना आजचे रोप न पाहता पाच वर्षांनंतरचा घेर डोळ्यांसमोर आणावा. लिंबूवर्ग, पेरू आणि अंजीर यांना चार ते पाच मीटर, डाळिंबाला तीन ते चार, लोकाटाला पाच ते सहा आणि लिचीला आठ मीटरपर्यंत जागा लागते. केळीला दोन ते अडीच मीटर पुरतात. छाटणी नेमाने करणार असाल तर ही अंतरे थोडी कमी करता येतात. ती छाटणी दहा वर्षे सातत्याने होईल का, याचे उत्तर स्वतःलाच प्रामाणिकपणे द्यावे.

परागीभवनाचीही चौकशी आधीच करावी. लिंबूवर्ग, पेरू आणि सर्वसामान्य घरगुती अंजीर एकटेही फळतात. पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी वेगवेगळी झाडे असतात, म्हणून प्रत्येक आळ्यात तीन रोपे लावून फुले आल्यावर एक राखणे हा जुना उपाय अजूनही सर्वोत्तम आहे. अव्होकाडोचा प्रकार तर विलक्षण आहे: त्याचे प्रत्येक फूल दोनदा उमलते, पहिल्यांदा मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. काही जातींत मादी अवस्था सकाळी आणि काहींत दुपारी येते. दोन्ही गटांतील एकेक झाड जवळपास असल्यास फळधारणा सुधारते.

फळझाड शक्यतो कलमीच घ्यावे. बियांपासून वाढलेल्या लिंबूवर्गीय झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो, तर कलम दोन-तीन वर्षांत फळते. रोप घेताना शेंडा कमी आणि मुळे जास्त पाहावीत. पिशवी किंचित उकलून पाहिल्यावर मुळे पिशवीच्या भिंतीलगत गोल गोल फिरलेली दिसली, तर ते रोप वर कितीही हिरवेगार असले तरी परत ठेवावे. असे रोप लावल्यानंतरही मुळांचे वेटोळे तसेच जाड होत जाते आणि काही वर्षांनी स्वतःच्याच खोडाला फास लावते. फळे लटकलेले रोप तर मुळीच घेऊ नये, कारण त्याने आपली शिल्लक आधीच खर्च केलेली असते.

लागवड

लागवडीसाठी असा काळ निवडावा, ज्यानंतर मुळांना रुजायला सौम्य हवेचे दोन-तीन महिने मिळतील. पाने गाळणारी अंजीर आणि डाळिंबासारखी झाडे हिवाळ्याच्या अखेरीस लावावीत, आणि थंडीला हळवी झाडे दहिवराचा धोका पूर्ण टळल्यावर लावावीत. जमीन वाफशावर असावी. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावी आणि बोटाने टिचकी मारल्यावर तो फुटावा, ही वाफशाची खूण होय. चिखलात खणलेल्या खड्ड्याच्या भिंती कुदळीच्या पात्याने गुळगुळीत लिंपल्या जातात आणि मुळांना त्या भेदणे अवघड होते.

खड्ड्याविषयी जुनी शिकवण अशी की तो मोठा व खोल घ्यावा आणि त्यात शेणखत, पालापाचोळा व चांगली माती भरावी. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ही पद्धत चालून जाते, परंतु भारी जमिनीत मी तिच्या विरोधात आहे. चिकणमातीत खणलेल्या खोल खड्ड्यात भुसभुशीत खत भरले की भोवतालचे पाणी त्यातच येऊन साचते, आतले खत कुजून खाली बसते आणि त्यासोबत झाडही खाली खचते. अशा जमिनीत खड्डा रोपाच्या हुंडीइतकाच, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याइतकाच खोल, मात्र तिच्या दुप्पट ते तिप्पट रुंद घ्यावा, तो निघालेल्या मातीनेच भरावा आणि कंपोस्ट वरून पसरावे. निचरा मंद असल्यास ४० ते ५० सेंटिमीटर उंच आणि दीड ते दोन मीटर रुंद उंचवटा करून त्यावर झाड लावावे.

रोप बसवताना पिशवी पूर्ण काढावी, हुंडी फुटू देऊ नये, आणि कडेने फिरलेली एखाद-दुसरी मुळी असल्यास ती धारदार कात्रीने तोडून टाकावी. हुंडीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपेक्षा दोन बोटे वर राहिला पाहिजे, कारण माती पुढे थोडी बसतेच. कलमाचा जोड जमिनीपासून किमान १० ते १५ सेंटिमीटर उंच असावा. तो मातीत गाडला गेला तर कुजतो, किंवा वरच्या भागाला स्वतंत्र मुळे फुटून खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधलेले असते त्याचा, सगळा उपयोग वाया जातो. माती हाताने दाबून लगेच भरपूर पाणी द्यावे, म्हणजे आतल्या हवेच्या पोकळ्या भरून निघतात. वाऱ्याची जागा असल्यास रोपाच्या दोन बाजूंना काठ्या रोवून सैल बांधावे. खोड थोडे डोलले तर ते जाड होते, म्हणून वर्षभरानंतर काठ्या काढून घ्याव्यात.

शेवटी वाळका पाला, लाकडाचा चुरा किंवा गवत यांचे ८ ते १० सेंटिमीटर जाड आच्छादन करावे आणि खोडाभोवती १५ सेंटिमीटरचे मोकळे कडे ठेवावे. खोडाला टेकवलेला पाल्याचा ढीग दिसायला नीटनेटका असला तरी सालीला सतत ओलसर ठेवतो, आणि लिंबूवर्गात खोडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाची सुरुवात बहुतेक वेळा तेथूनच होते.

पहिली तीन वर्षे

पाणी थोडे थोडे रोज देण्यापेक्षा भरपूर आणि अंतराने द्यावे. नव्या रोपाला उष्ण व कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा १० ते १५ लिटर पाणी साधारणपणे पुरते, पण वेळापत्रकापेक्षा बोटावर अधिक विश्वास ठेवावा: आच्छादन बाजूला करून बोट मातीत दोन पेरे खुपसावे, आणि तिथे ओल लागली तर पाणी देऊ नये. लिंबूवर्गासाठी दुहेरी आळे करावे, म्हणजे खोडाभोवती मातीची एक लहान बांगडी आणि बाहेर दुसरी मोठी, ज्यामुळे पाणी दोहोंच्या मधल्या चरात राहते आणि खोड कोरडे राहते. झाडाचा घेर वाढेल तसे आळे बाहेर सरकवावे. अन्न शोषणारी बारीक मुळे फांद्यांच्या टोकांखाली आणि त्याच्याही पुढे असतात, बुंध्याशी नसतात. ठिबक वापरत असाल तर तोट्याही दरवर्षी बाहेर न्याव्यात. पाच वर्षांच्या झाडाच्या बुंध्याशीच थेंब टाकणारी नळी मी अनेक बागांमध्ये पाहतो.

खतासाठी पहिल्या वर्षी झाडामागे सुमारे पाच किलो चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत दोन हप्त्यांत द्यावे, आणि पाचव्या वर्षापर्यंत ते २० किलोपर्यंत वाढवावे. सोबत अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड दिल्यास उत्तम. वाढीचा हंगाम सुरू होताना आणि त्याच्या मध्यावर असे दोन हप्ते करावेत. शरद ऋतूत नत्रयुक्त खत देऊ नये, कारण त्याने फुटलेली लुसलुशीत पालवी नेमकी थंडीच्या तोंडी सापडते.

पहिली दोन वर्षे आलेली फळे हरभऱ्याएवढी असतानाच खुडून टाकावीत. हे मनाला जड जाते, पण या काळात झाडाने सांगाडा उभा करणे महत्त्वाचे आहे. छाटणीचे सर्वांना लागू पडणारे एकच सूत्र नाही. पेरूला नव्या फुटीवरच फळ येते, म्हणून तो छाटला की अधिक फळतो. लिंबूवर्गाला वाळलेल्या सली, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आणि सरळसोट वर जाणारे पाणसोट काढण्यापलीकडे फारशी छाटणी नको. लिचीला फुलोरा फांद्यांच्या टोकांवर येतो, म्हणून हंगामाच्या आधी शेंडे छाटणे म्हणजे त्या वर्षीचे फळ छाटणे. केळीच्या प्रत्येक बेटात फळावर असलेले झाड, अर्धे वाढलेले एक आणि तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पाने असलेला एक मुनवा, म्हणजे कंदातून फुटलेले पिल्लू, एवढेच ठेवावे. रुंद पानांचे मुनवे दिसायला जोमदार असले तरी कंदाशी त्यांचा जोड कमकुवत असतो.

कलमाच्या जोडाखालून येणारी प्रत्येक फूट ती कोवळी असतानाच हाताने खेचून काढावी. ती खुंटाची फूट असते आणि कलमापेक्षा वेगाने वाढते. लिंबूवर्गात तीन पर्णिकांच्या पानांचा खुंट सर्रास वापरला जातो. संत्र्याच्या झाडावर एकाएकी तीन-तीन पर्णिकांची काटेरी पाने दिसू लागली, तर तो झाडाचा नवा जोम नसून खुंटाने केलेली घुसखोरी आहे.

फुलझाडे: शोभेपलीकडचे काम

फळझाडे लहान असताना त्यांच्यामध्ये पुष्कळ मोकळी जागा असते आणि ती उघडी ठेवली तर तण ती ताब्यात घेते. पहिल्या वर्षीची हंगामी फुले तिथेच लावावीत. झेंडू, कॉसमॉस, सूर्यफूल यांच्याबरोबर शेपू, बडीशेप आणि कोथिंबीर यांची काही रोपे मुद्दाम फुलू द्यावीत. त्यांच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यांतील उथळ फुलांवर अनेक लहान परोपजीवी गांधीलमाश्या आणि फुलांवर घिरट्या घालणाऱ्या सिर्फिड माश्या येतात. त्या सिर्फिड माश्यांच्या अळ्या मावा खातात. झेंडूमुळे सूत्रकृमी, म्हणजे मुळांना उपद्रव करणारे मातीतील सूक्ष्म कृमी, कमी होतात हे खरे आहे, पण त्यासाठी तो पूर्ण हंगामभर दाट वाढवून नंतर तिथेच मातीत मिसळावा लागतो. पेरूभोवती चार रोपे लावून तो परिणाम साधत नाही. झेंडूचे बुंधे फळझाडाच्या खोडापासून अर्धा मीटर तरी दूर असावेत.

कायमच्या शोभेच्या झाडांमध्ये मात्र थोडा विचार करावा. सुवासिक पांढऱ्या फुलांची कामिनी, जिला काही ठिकाणी कुंती म्हणतात, ही कुंपणासाठी फार लोकप्रिय आहे. परंतु लिंबूवर्गाचा सायला नावाचा लहानसा किडा तिच्यावर आनंदाने वाढतो आणि तोच लिंबूवर्गाच्या ग्रीनिंग रोगाचे जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. या रोगाला अजून इलाज नाही. संत्रे आणि कामिनी यांपैकी एकच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी सहज वस्ती करतात, म्हणून ती फळझाडांपासून दूर पण रोज नजर जाईल अशा जागी, दाराशी किंवा वाटेलगत लावावी. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात. लहान मुले किंवा जनावरे वावरत असतील तर ती टाळावी आणि तिच्या छाटलेल्या फांद्या जाळू नयेत. घाणेरी तर तिच्या मूळ प्रदेशाबाहेर रानोमाळ पसरते, म्हणून ती कितीही रंगीबेरंगी असली तरी लावू नये.

बोगनवेलीचे वागणे फळझाडांच्या अगदी उलट आहे. तिला खत आणि पाणी जितके जास्त, तितकी पाने जास्त आणि रंग कमी. ती ठिबकच्या कक्षेबाहेर, तापलेल्या भिंतीलगतच्या हलक्या मातीत लावावी. कर्दळ आणि हेलिकोनिया यांना ओल आवडते, त्यामुळे जिथे फळझाड कुजले असते अशा सखल कोपऱ्यात ती खुलून दिसतात. चाफा, मोगरा, तगर, चित्रक आणि गोकर्णाचा वेल यांच्याबाबत सांगण्यासारखे फारसे नाही. त्यांना ऊन आणि निचरा मिळाला की ती आपली आपण वाढतात.

कीड आणि रोग

सेंद्रिय बागेत फवारणीचा पंप हे शेवटचे साधन असते. १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बागा कापसासारख्या खवले किडीने उद्ध्वस्त होत असताना ऑस्ट्रेलियातून एक लालसर ढालकिडा आणून सोडण्यात आला आणि दोन वर्षांच्या आत त्याने ती कीड आटोक्यात आणली. परसबागेत बाहेरून किडे आणण्याची गरज सहसा पडत नाही, जे आहेत त्यांना मारले नाही तरी पुरते. माव्याची वसाहत दिसल्यावर आठवडाभर थांबून पाहावे. बहुतेक वेळा ढालकिड्याच्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, सुसरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या तिथे पोहोचतात. नवखे लोक त्यांनाच कीड समजून चिरडतात.

मुंग्यांकडे अवश्य लक्ष द्यावे. मुंग्या मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले किडीने सोडलेला गोड चिकटा खातात आणि त्याच्या मोबदल्यात त्यांच्या शत्रूंना हाकलून लावतात. खोडाभोवती आधी कापडाची किंवा कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट थर द्यावा आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. मुंग्यांची ये-जा थांबली की निम्मा प्रश्न सुटतो. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी वस्तू हलली, तर ती फुलपाखराची अळी असते. पुढे ती हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी दुकाटी शिंगे काढून उग्र वास सोडते. लहान रोपावरून ती हाताने काढावी, मोठ्या झाडावर राहू द्यावी. पानांवर चंदेरी वेड्यावाकड्या रेघा काढणारी नागअळी मोठ्या झाडाचे फारसे नुकसान करत नाही.

फवारणे भागच असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे सौम्य साबणाचे पाणी नीट मिसळून, संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. कडक उन्हात हेच मिश्रण पाने भाजते. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे बुरशीनाशक, सेंद्रिय शेतीत चालते म्हणून ते निर्धास्तपणे वापरू नये. त्यातील तांबे मातीत साचत जाते आणि गांडुळांना अपाय करते. युरोपीय संघानेही सेंद्रिय शेतीसह सर्वच शेतीत तांब्याच्या वापरावर ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

फळमाशीवर फवारणीचा उपयोग थोडाच होतो, कारण मादी सालीखाली अंडी घालते आणि अळी गराच्या आत सुरक्षित असते. पूर्ण वाढलेली अळी मातीत शिरून कोष करते, म्हणून गळलेले प्रत्येक फळ रोज उचलावे आणि बंद पिशवीत घालून आठवडाभर उन्हात ठेवावे. हे फळ कंपोस्टच्या थंड ढिगात टाकणे म्हणजे माश्यांना पाळणाघर देणे होय. मिथाइल युजेनॉलचे सापळे फक्त काही जातींच्या नरांना ओढतात, त्यामुळे ते माशी आल्याची वर्दी चांगली देतात, पण एकटे पुरे पडत नाहीत. पेरूची फळे लिंबाएवढी झाली की त्यांना कागदी किंवा बारीक जाळीच्या पिशव्या बांधणे, हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय आहे.

थंडीच्या रात्री

निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि कोरडी हवा असा योग जुळला की दहिवराची रात्र समजावी. त्या दिवशी सकाळी आळ्यांना पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसा अधिक ऊब साठवते, आणि लहान झाडांभोवतीचे आच्छादन बाजूला सारावे, म्हणजे ती ऊब रात्री वर येऊ शकते. सूर्यास्तापूर्वी चार काठ्यांवर जुनी चादर जमिनीपर्यंत पसरावी. ती पानांना टेकू नये आणि तिच्या कडा मातीने दाबाव्यात, कारण खोडाभोवती गुंडाळून बांधलेली चादर जमिनीची ऊब आत धरून ठेवत नाही. सकाळी ऊन चढताच ती काढावी.

एवढे करूनही शेंडे जळाले, तर कात्री लगेच हातात घेऊ नये. जळलेली पाने खालच्या फांद्यांना पुढच्या थंड रात्रीत आडोसा देतात, आणि फांदी खरोखर कोठवर मेली आहे हे त्या वेळी दिसतच नाही. वसंतात पालवी हलू लागल्यावर फांदीच्या टोकाकडून बुंध्याकडे येत नखाने साल हलकेच खरवडावी. तपकिरी, कोरडा भाग संपून जिथे ओला हिरवा थर लागेल, तिथे एखाद्या डोळ्याच्या किंचित वर काप घ्यावा. हिरवा थर कलमाच्या जोडापर्यंतही लागला नाही आणि फूट फक्त जोडाखालूनच येत असेल, तर ते झाड गेले असे समजून ती जागा त्या हंगामात ताग पेरून मोकळी ठेवावी.